सामायिक वेब होस्टिंग
सामायिक वेब होस्टिंग म्हणजे एकाच सर्व्हरची साठवणक्षमता व प्रक्रियाशक्ती अनेक संकेतस्थळांना वाटून देणारी सेवा होय. खर्च विभागला जात असल्याने ती लहान व्यवसायांना परवडते. मीरा-भाईंदरमधील स्टीलची भांडी बनवणाऱ्या छोट्या कारखान्याला उत्पादनांची छायाचित्रे, दरपत्रक आणि पत्ता देणारी चार-पाच पाने पुरतात. त्यासाठी स्वतंत्र सर्व्हर घेणे हा अपव्ययच ठरतो.

जाहिरातीतील मासिक दर बहुधा दोन-तीन वर्षांचे शुल्क एकरकमी भरल्यासच लागू होतो. नूतनीकरणाचा दर त्याहून बराच अधिक असू शकतो आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर पडतो. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या नव्हे, तर नूतनीकरणासह एकूण खर्चाची तुलना करणे योग्य. ‘अमर्यादित’ म्हटलेल्या योजनांतही वापराच्या अटी असतात. सुरक्षा प्रमाणपत्रासाठी वेगळे पैसे मोजणे सहसा अनावश्यक असते, कारण ‘लेट्स एन्क्रिप्ट’ २०१५ पासून ते विनामूल्य देते.

होस्टिंग बदलता येते. डोमेन हातचे गेले तर छापील पत्रके, दुकानाची पाटी आणि ईमेल पत्ते सारेच निरुपयोगी होतात. संकेतस्थळ बनवून देणारा अनेकदा डोमेन स्वतःच्या नावे नोंदवतो. अशा वेळी कायदेशीर नोंदणीधारक तोच ठरतो, व्यावसायिक नव्हे. ‘.कॉम’ डोमेनची मुदत संपून ते रद्द झाल्यावर ३० दिवसांपर्यंत ते परत मिळवता येते, मात्र त्यासाठी वेगळे, बरेच मोठे शुल्क आकारले जाते. ‘.इन’ आणि २०१४ पासून देवनागरीत उपलब्ध असलेल्या ‘.भारत’ या डोमेनांची व्यवस्था नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया पाहते.