साहेबाची बाग आणि आजोबांचे पाणी

परवा भर दुपारी व्हरांड्यात बसलो होतो. वीज गेलेली. आंब्याखाली मातीच्या परळात आमची ही रोज सकाळी पाणी भरून ठेवते, त्याच्या काठावर एक बुलबुल चोच उघडी टाकून बसला होता. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथीच नसतात. धापा टाकूनच ते अंगातली उष्णता बाहेर घालवतात आणि त्यात शरीरातले पाणी जाते. म्हणून वैशाखात परळाजवळ एवढी गर्दी. वर तांबटाचे टुकटुक अखंड चालू.

माझ्या मांडीवर ई. एच. एटकेन यांचे 'ट्राइब्स ऑन माय फ्रंटियर' होते, १८८३ सालचे. नातीने संगणकावरून छापून दिले. मी पडलो मराठी माध्यमाचा बी.ए., त्यामुळे पानाला दोनदा तरी शब्दकोश उघडावा लागतो!

एटकेन साहेब खरा, पण जन्म साताऱ्याचा, १८५१चा. वडील स्कॉटिश मिशनरी. हा आधी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवायचा, मग जकात आणि मिठाच्या खात्यात गेला. १८८३च्या सप्टेंबरात मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली, त्यांत तो होता, आपले डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुनही होते. इतर साहेब बंदुका घेऊन रानात जात, त्या काळात याने घराभोवतालचे कावळे, मुंग्या, बागेतले पक्षी यांवर प्रकरणे लिहिली. मला त्याचे हेच आवडते.

उन्हाळ्यात पावशा ओरडू लागला की इंग्रजांना त्यात 'ब्रेन फीवर' ऐकू येई. आपल्या शेतकऱ्याला 'पेरते व्हा'. पक्षी एकच, उकाडाही तोच.

पुढे १८८९ साली त्याचे 'बिहाइंड द बंगलो' आले. त्यात माळी, भिश्ती, हमाल, धोबी, आया यांच्यावर एकेक प्रकरण. विनोदी आहे, हसूही येते. पण वाचताना मला कसेसेच झाले. पक्ष्यांकडे बघायची जी नजर, तीच इथे माणसांवर. उलट पक्ष्यांना माया जरा जास्तच मिळाली आहे.

माझे आजोबा पुण्याला लष्कर भागात एका साहेबाच्या बंगल्यावर माळी होते. (एटकेनच्या नव्हे, तो १९०९तच वारला.) आजोबा सांगत, भिश्ती पखाल घेऊन येई, झाडांची आळी भरली की घटकाभरात दयाळ, साळुंक्या, नाचण उतरत. साहेब व्हरांड्यातून दुर्बीण लावी आणि आजोबांना हाताने खूण करी, बाजूला हो म्हणून. कुठल्या झाडावर घरटे आहे ते मात्र आजोबांनाच विचारी आणि वहीत टिपून घेई. त्या वहीत काय लिहिले असेल, हे आजोबांना कधी कळले नाही. त्यांना अक्षरओळख नव्हती.

माळ्याचे प्रकरण वाचून झाले, भिश्तीचे राहिले आहे. आता बघतो तर परळ कोरडे आणि बुलबुल अजून तिथेच. हिला उठवत नाही, मीच तांब्या घेऊन जातो.