६ ऑगस्ट : मांडव्याचा अविनाश आणि पाच शतांश सेकंद

२०२२. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या अविनाश साबळेने तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक जिंकले. वेळ ८ मिनिटे ११.२० सेकंद, नवा राष्ट्रीय विक्रम. सुवर्ण जिंकणाऱ्या केनियाच्या अब्राहम किबिवोटचे ८:११.१५. शेवटच्या सरळ पट्ट्यात अविनाश त्याच्या खांद्याला भिडला होता. डोळ्याची पापणी लवेपर्यंत सुवर्ण निसटले. तरी हे रौप्य सोन्याहून उणे नाही. १९९८पासून या शर्यतीची तिन्ही पदके दर वेळी केनियाच नेत होता.

२८ अडथळे आणि सात वेळा पाण्यावरची उडी अशी ही शर्यत. अडथळा पडत नाही. पाय अडकला तर धावपटूच पडतो.

१३ सप्टेंबर १९९४चा त्याचा जन्म. आईवडील कष्टकरी. शाळा सहा किलोमीटरवर, ते अंतर तो चालत, धावत कापायचा. अमेरिकेत खेळाडू कॉलेजच्या शिष्यवृत्तीवर घडतात. आपल्या दुष्काळी आष्टीच्या पोराला सैन्यभरतीने हात दिला. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनच्या बर्फात राहिला. खरे धावणे सुरू झाले ते त्यानंतर. २०१८ला त्याने गोपाल सैनी यांचा ३७ वर्षे टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला.

१ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्णही आले. तेव्हा मात्र मागे वळून पाहिले तरी जवळपास कोणी नव्हते.