बिलं वाचणारी मशीन: पेटंट मिळेल की ‘हे कुणालाही सुचलं असतं’?

आलेलं टपाल उघडायचं, त्यातलं बिल ओळखायचं, रक्कम आणि तारीख वाचून हिशेबात टाकायची. हे सगळं आपोआप करणारी यंत्रणा सतवासच्या एखाद्याने बनवली, तर पेटंटचा अर्ज मुंबईला जातो. देवास जिल्हा मध्य प्रदेशात असला, तरी महाराष्ट्र, गोवा, गुजरात आणि छत्तीसगडसोबत हे राज्यही मुंबई पेटंट कार्यालयाच्याच हद्दीत येतं.

पहिला अडथळा कलम ३(के)चा. निव्वळ सॉफ्टवेअर किंवा धंद्याची पद्धत यांना पेटंट नाही. तो ओलांडला की खरा प्रश्न येतो: यात काही सुचण्यासारखं होतं का, की ते उघडच होतं?

हे ठरवताना डोळ्यासमोर त्या क्षेत्रातला जाणकार कारागीर धरतात. तो महापंडित नसतो आणि अगदी नवखाही नसतो. अर्जाच्या तारखेपर्यंतची प्रसिद्ध माहिती हाताशी असताना तो सहज इथवर पोचला असता, तर पेटंट नाही. अर्थात उत्तर कळल्यावर सगळंच सोपं वाटतं, म्हणून तपासणाऱ्याने त्या तारखेच्या मागे जाऊन बघायचं असतं.

आपल्याकडचा पायाभूत निकाल मिर्झापूरच्या भांड्यांचा आहे. लेथवर भांडं धरून ठेवण्याच्या युक्तीचं पेटंट सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये टिकू दिलं नाही. ती कारखान्यातली नेहमीची सुधारणा ठरली.

बिलांच्या जवळचा खटला अमेरिकेतला, डॅन विरुद्ध जॉन्स्टन, १९७६. ग्राहकाने चेकवर खर्चाचा कोड टाकायचा, बँकेच्या कॉम्प्युटरने प्रकारवार हिशेब द्यायचा. बँकांत कॉम्प्युटर आधीच होते, मोठ्या संस्थांच्या विभागवार हिशेबाची यंत्रणाही माहीत होती. थोडा फरक होता, पण कोर्टाला तो पुरेसा वाटला नाही.

म्हणजे ‘मुनीम हाताने करायचा ते मशीन करते’ एवढ्यावर भागत नाही. चुरगळलेलं, शिक्का पडलेलं बिल आधीची स्कॅनर वाचू शकत नव्हती आणि ती अडचण नव्या तांत्रिक मार्गाने सुटली, असं दाखवता आलं तर बाजू जड होते. तो फरक अर्जातच स्पष्ट लिहिलेला हवा. वकिलाची फी त्याआधी मोजू नये.

अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. त्यानंतर, मंजुरीआधी, कुणीही ‘हे उघडच आहे’ असा लेखी आक्षेप घेऊ शकतो.