परमनाची परीक्षा

दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे हे ओळखण्याचीही परीक्षा असते, आणि ती आता आभासी बाजारात घेतली जाते, असे आमच्या जासईच्या पारावर सांगितले तर लोक हसतील. पण तिचा इतिहास हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

मुलांची बुद्धी मोजणारी कसोटी पॅरिसमध्ये १९०५ साली बिने आणि सिमाँ यांनी केली. ती इकडे आणताना व्ही. व्ही. कामत यांनी नुसत्या भाषांतरावर भागवले नाही. मराठी व कानडी मुलांवर ती पारखून घेतली. त्यांचा ग्रंथ १९४० चा. मास्तरकी करणाऱ्या मला या खटाटोपाचे मोठे कौतुक वाटते.

परमनाची कसोटी त्यामानाने अलीकडची. १९८५ साली बॅरन-कोहेन, लेस्ली व फ्रिथ या लंडनच्या संशोधकांनी मुलांपुढे दोन बाहुल्या मांडल्या. सॅली टोपलीत गोटी ठेवून बाहेर जाते. ॲन ती पेटीत दडवते. परतलेली सॅली गोटी कुठे शोधील? टोपलीत, कारण आपल्याला जे ठाऊक आहे ते तिला ठाऊक नाही. प्रौढ माणसाला हा पोरखेळच. म्हणून पुढे गोष्टी आल्या, नुसत्या डोळ्यांची छायाचित्रे आली, आणि ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली संगणकावर एक बाजारसंकुल उभे केले. परीक्षार्थी त्यात मित्रांबरोबर हिंडतो, आणि मध्येच प्रश्न येतो: आता या मित्राला काय वाटत असेल? स्किझोफ्रेनिया असलेल्या प्रौढांचीही अशी परीक्षा झाली. कागदावरच्या प्रश्नापेक्षा हे व्यवहाराच्या जवळचे, यात शंका नाही.

पण कोणाच्या व्यवहाराच्या? आमच्याकडे पाहुणा पहिल्यांदा 'नको' म्हणाला म्हणून ताट मागे घेणारी बाई मी तरी पाहिलेली नाही. ते 'नको' ऐकून आग्रह करणाऱ्या आजीचे गुण परक्या बाजारातले यंत्र वाढवील की कापील? शाळेत नापास झालेला पोरगा पुढल्या वर्षी पुन्हा बसतो. इथे कापलेला गुण माणसाच्या आजाराच्या कागदात जाऊन बसतो. बंगळूरच्या निम्हान्समधील मंडळींनी हे ओळखले आणि २०११ साली भारतीय रीतिभातींना धरून 'सॉक्रेटिस' नावाची कसोटी सिद्ध केली.

आभासी बाजार मराठीत उभारायचाच झाला, तर त्यांनी उरणच्या मासळीबाजारात एक सकाळ काढावी. कोळीण भाव सांगते, गिऱ्हाईक बाई पिशवी उचलून निघाल्याचे सोंग करते, ते सोंग आहे हे कोळणीला कळते, आणि तिला कळले आहे हे त्या बाईलाही पुरते ठाऊक असते. तरी ती चार पावले जातेच.