ड्रेसाजसाठी घोडा विकत घेताना

हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २६ सप्टेंबर २०२३ रोजी भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्णपदक मिळवले. अश्वारोहणातले हे ४१ वर्षांनंतरचे सुवर्ण, आणि संघात आपल्या इंदूरच्या सुदीप्ती हजेला होत्या. मुलांसाठी घोडा घेण्याचा विचार करणाऱ्या हातोद आणि आसपासच्या कुटुंबांसाठी ही माहिती येथे देत आहोत. सुदीप्ती यांचा चिन्स्की आणि संघातले इतर घोडे युरोपात तयार झालेले होते. आपल्याला मात्र जवळच्या विक्रेत्यांकडूनच घ्यायचा असतो.

घोडा साधारण दोन वाटांनी मिळतो. पहिली वाट घोडेबाजाराची. आपल्याला सोयीचा बाजार म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याचा. दत्तजयंतीला तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते, तेव्हा मारवाडी, काठियावाडी, सिंधी असे घोडे येतात. दुसरी वाट मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेल्या थरोब्रेडची.

बाजारात घोड्याची किंमत ठरते ती रंग, उंची, देवमण आणि भोवरे यांवर. पंचकल्याणी असला की भाव चढतो. हौसेला आमची हरकत नाही, पण ड्रेसाजला यातले काहीही उपयोगाचे नाही. तेथे पाहतात ती चाल. साधी चाल स्पष्ट चार ठोक्यांची, दुडकी दोन ठोक्यांची आणि कँटर तीन ठोक्यांचा हवा.

इथेच बहुतेक जण फसतात. बाजारात मिरवली जाते ती रेवाल चाल. स्वाराला धक्का बसत नाही, म्हणून ती सुखाची. पण रेवाल चालीत एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ बरोबर पडतात, तर दुडकीत पुढचा डावा आणि मागचा उजवा, अशी तिरपी जोडी एकदम उचलली जाते. रेवाल अंगात मुरलेल्या घोड्याला शुद्ध दुडकी शिकवणे फार कठीण जाते. वरातीत नाचणाऱ्या घोड्याचेही तसेच. त्याचा नाच ड्रेसाजसारखा दिसतो, पण तो बऱ्याचदा काटेरी लगाम आणि चाबकाच्या धाकाने शिकवलेला असतो. पाठ ताठ आणि मान आखडलेली दिसली, तर असा घोडा मुलांसाठी घेऊ नये.

थरोब्रेडची चाल मोकळी असते. त्याच्या पुढच्या पायांच्या नळीमागच्या कंडरा मात्र हाताने चाचपून पाहाव्यात, कारण शर्यतीतली जुनी दुखापत तिथेच असते. गरमपणा, सूज किंवा गाठ लागली तर सौदा थांबवावा. तापट स्वभाव हा त्याचा दुसरा दोष. नवशिक्या मुलाला आम्ही आठ ते बारा वर्षांचा, शिकलेला घोडाच सुचवू. कोवळे शिंगरू स्वस्त पडते, पण शिकाऊ स्वार आणि शिकाऊ घोडा ही जोडी धोक्याची. वय दातांवरून कळते. साधारण पाचव्या वर्षी पुढचे सगळे दात पक्के होतात.

पाहायला दोनदा जावे, त्यातले एकदा न कळवता. घोडा तबेल्यातून बाहेर येतानाच पाहावा, आधी फिरवून गरम केलेला नको. कठीण जमिनीवर सरळ दुडकी, मग दोरीवर दोन्ही बाजूंना गोलात फिरवायला सांगावे. लंगडेपणा गोलात लवकर उघडा पडतो. प्रथम विक्रेत्याच्या माणसाने बसून दाखवावे, नंतर आपल्या प्रशिक्षकाने. मोतद्दाराशी दोन शब्द बोलावेत. मालक सांगत नाही ते तो सांगतो.

पशुवैद्य आपला असावा, विक्रेत्याचा नव्हे. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे सल्ला मिळू शकेल. वेदना लपवणारे इंजेक्शन दिल्याचा संशय असल्यास रक्त तपासून घ्यावे. ग्लँडर्सची तपासणी तर टाळूच नये. हा रोग माणसालाही होतो, आणि बाधित घोड्याला दयामरण द्यावे लागते. त्याचा अहवाल व आरोग्य प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय घोडा गाडीत चढवू नये. सारंगखेड्याहून सेंधव्यामार्गे येताना राज्याची हद्द ओलांडावी लागते.

घोडा येण्याआधी जागा तयार हवी. माळव्याची काळी माती पावसाळ्यात खुराला चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यावर सराव केल्यास पाय जातात. सुरुवातीला २० बाय ४० मीटरचे, निचरा होणारे वाळूचे मैदान पुरते. त्याचा खर्च घोड्याच्या किमतीबरोबरच मांडावा, आणि महिन्याचा चारा, नालबंद व मोतद्दाराचा पगारही.