घरातील उंदरांचा बंदोबस्त

पावसाळ्याच्या पहिल्या जोरदार सरींनी शेतातील बिळे पाण्याने भरली, की उंदरांचा मोर्चा वस्तीकडे वळतो. दुसरी लाट येते ती खरिपाची काढणी होऊन शेते मोकळी झाल्यावर. चाळीसगाव, भडगाव, पाचोरा, पारोळा या कापसाच्या पट्ट्यात नेमका याच सुमारास घराघरांत कापूस येऊन पडलेला असतो. भाव वाढेल या आशेने अनेक शेतकरी तो महिनोन्‌महिने राहत्या घरात साठवतात. आढ्यापर्यंत रचलेला कापूस ही उंदरांसाठी आयती गादी आणि त्यातील सरकी हे गादीवरच वाढलेले ताट. शेजारी दादर ज्वारीची आणि बाजरीची पोती असतातच. शहरातील नव्या वसाहतीही शेतांना लागूनच उभ्या राहिल्या आहेत. त्यामुळे स्लॅबच्या घरात राहणाऱ्यांनी निश्चिंत राहावे, अशी स्थिती नाही. उंदरांच्या मागोमाग धामण, नाग आणि मण्यारही घरात शिरतात, हा खानदेशातील पावसाळ्याचा नेहमीचा अनुभव आहे.

बंदोबस्ताला लागण्यापूर्वी घरात नेमके कोण आले आहे हे ओळखणे महत्त्वाचे. मराठीत सर्वांनाच उंदीर म्हटले जात असले तरी त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. जेमतेम १५ ते २० ग्रॅम वजनाचा छोटा घरउंदीर जिज्ञासू असतो. नवी वस्तू दिसली की ती हुंगून पाहतो. त्याची लेंडी तांदळाच्या कणीएवढी असते. अन्नातील ओलाव्यावर त्याचे भागत असल्याने पाणी तोडून तो हटत नाही. माळ्यावर, तुळयांवर आणि कौलांखाली धावणारा मोठा काळा उंदीर मात्र कमालीचा संशयी. वाटेत नवी वस्तू ठेवली तर तो चार-चार दिवस तिच्याकडे फिरकत नाही. त्याला रोज पाणी लागते. घूस त्याहूनही मोठी. ती घराच्या जोत्याखाली आणि गटारांच्या कडेने पोखरते व बिळाबाहेर मातीचा ढीग टाकते.

चौथा प्राणी चिचुंद्री. लांब सोंडेची, चिरक्या आवाजाची आणि उग्र वासाची चिचुंद्री उंदीर नव्हेच. ती कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या कुळातील नाही. झुरळे व इतर किडे हे तिचे मुख्य अन्न. वास सोडला तर तिचा उपद्रव थोडा आणि उपयोगच अधिक. तिला मारण्याचे कारण नाही.

उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजवत ठेवणे त्याला भाग असते. म्हणून लाकूड, प्लास्टिक, विजेच्या तारा आणि दुचाकीची आसने तो भूक नसतानाही कुरतडतो. घरउंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते. एका वेतात पाच-सहा पिले असतात आणि ती पिले दीड-दोन महिन्यांत स्वतः वीण घालू लागतात. एक उंदीर दिसला म्हणजे एकच आहे, असे समजणे म्हणूनच धोक्याचे. अर्थात त्यांची मोजदाद सरकारलाही साधलेली नाही. मंत्रालयात सात दिवसांत ३ लाख १९ हजार ४०० उंदीर मारल्याचे कागदोपत्री दाखवले गेले, असा आरोप खानदेशचे नेते एकनाथ खडसे यांनी मार्च २०१८ मध्ये विधानसभेत केला. हा आकडा उंदरांचा नसून विषारी गोळ्यांचा आहे, असा खुलासा त्यावर करण्यात आला होता!

प्लेगची आठवण

उंदीर हा थट्टेचा विषय होण्यापूर्वी तो महाराष्ट्रात मृत्यूचा निरोप्या होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि पुढे ही साथ रेल्वेमार्गांनी देशात पसरली. मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील खानदेशही तिच्यातून सुटला नाही. घरात उंदीर मरून पडू लागले, की कुलुपे लावून गावाबाहेर झोपड्या घालून राहायचे, ही त्या काळातील रीत. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचा मुलगा ओंकार याला प्लेगमुळेच कायमचे अपंगत्व आले. हा रोग उंदराच्या अंगावरील पिसवांमुळे पसरतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवले.

प्लेग इतिहासजमा झाला, असे वाटत असतानाच ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी आणि सप्टेंबरात सुरतेत त्याचे नाव पुन्हा ऐकू आले. सुरतेतून लाखो लोक बाहेर पडले. ज्या शहरात खानदेशातील हजारो कुटुंबे पोटापाण्यासाठी स्थायिक झाली आहेत, तेथील ही घबराट जळगाव-धुळ्याच्या घराघरांत जाणवणे स्वाभाविकच होते. त्यामुळे विष घातलेले नसताना परिसरात एकापाठोपाठ एक उंदीर मरून पडू लागले तर ते गुपचूप फेकून न देता नगरपालिकेच्या आरोग्य विभागाला कळवावे. मेलेल्या उंदराला उघड्या हाताने स्पर्श करू नये. शरीर गार पडले की पिसवा ते सोडून दुसऱ्या यजमानाच्या शोधात निघतात.

आज प्लेगपेक्षा नित्याचा धोका लेप्टोस्पायरोसिसचा. उंदराच्या मूत्रातील जिवाणू साचलेल्या पाण्यातून, पायावरील जखमांवाटे शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने ही साथ अनुभवली. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर आणि डोंगरी नद्यांचे पाणी चाळीसगावात शिरले. अशा पुरानंतर घरातील चिखल काढताना गमबूट आणि रबरी हातमोजे वापरणे आवश्यक असते. पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळ्यांत लाली अशी लक्षणे दिसल्यास, पुराच्या पाण्यात वावरल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वेळीच प्रतिजैविके मिळाली तर हा आजार बरा होतो.

वाटा बंद, अन्न बंद

उंदीर मारणे हा बंदोबस्ताचा दुसरा टप्पा आहे. पहिला टप्पा त्याला आत येऊ न देण्याचा. बहुतेक घरांत नेमका हाच राहून जातो आणि पिंजऱ्यात दर आठवड्याला नवा पाहुणा सापडत राहतो. छोट्या उंदराला आत यायला पेन्सिल जाईल एवढे छिद्र पुरते. दाराखालची फट, मोरीचे भोक, गॅसच्या नळीसाठी किंवा वातानुकूलन यंत्रासाठी भिंतीला पाडलेले छिद्र, पत्रा आणि भिंत यांमधील पोकळी ही नेहमीची प्रवेशद्वारे. रात्री खोलीत अंधार करून बाहेरून दिव्याचा झोत टाकल्यास फटी सहज दिसतात. भांडी घासण्याची तारेची घासणी छिद्रात ठासून वरून सिमेंट लिंपले तर उंदराला ते कुरतडता येत नाही. सिमेंटमध्ये काचेचा चुरा मिसळण्याची जुनी पद्धतही चांगली आहे. नुसते लांबी, थर्माकोल किंवा कापडाचे बोळे कोंबणे व्यर्थ. मोरीला आणि गवाक्षांना पाव इंचाहून बारीक छिद्रांची लोखंडी जाळी बसवावी. दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी ठोकावी. धाब्याच्या जुन्या घरांत मातीच्या छतातील आणि भिंतींतील बिळे दर उन्हाळ्यात बुजवावी लागतात. तेथे एकदाच केलेले काम पुरत नाही.

धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवावे. पोती ठेवायचीच झाल्यास जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत, म्हणजे मागे केरसुणी फिरवता येते. कापसाचेही तसेच. तो घरात ठेवणे टळत नसेल तर निदान झोपण्याच्या आणि स्वयंपाकाच्या खोलीत ठेवू नये. पुढील गंज भिंतीला टेकवून लावू नये. रात्री खरकटी भांडी, उघडा केराचा डबा, देवापुढील नैवेद्य आणि कुत्र्या-मांजरासाठी ठेवलेले उरलेले अन्न ही उंदरांची रोजची पंगत असते. ती मोडली की सापळ्यातील आमिष त्यांना अधिक गोड लागते.

पिंजरा आणि चाप

घरगुती उपायांत चाप आणि पिंजरा हे अजूनही सर्वांत भरवशाचे. उंदीर मिशांच्या आधाराने भिंतीच्या कडेने पळतो. म्हणून चाप खोलीच्या मध्यावर न ठेवता भिंतीशी काटकोनात, आमिषाचे टोक भिंतीकडे करून ठेवावा. एकच चाप आज येथे, उद्या तेथे फिरवण्यापेक्षा पहिल्याच रात्री पाच-सहा चाप पाच-सात फुटांच्या अंतराने लावावेत. भजे, खमंग भाजलेला भाकरीचा तुकडा, सुके खोबरे, शेंगदाणा यांपैकी जे घरात तो खात आहे तेच आमिष उत्तम. आमिष दोऱ्याने बांधावे. नाहीतर ते अलगद पळवले जाते.

मोठ्या, संशयी उंदरासाठी थोडा धीर हवा. तीन-चार रात्री पिंजऱ्याचे दार तारेने उघडे बांधून आत खाणे ठेवावे. ते निर्धास्तपणे खाल्ले जाऊ लागले, की दार सज्ज करावे. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर गल्लीच्या टोकाला सोडून देणाऱ्यांची संख्या बरीच आहे. गणपतीच्या वाहनाला मारायचे कसे, हा संकोचही त्यामागे असतो. मात्र तो उंदीर त्याच घरात परत येतो किंवा शेजाऱ्याच्या. चिकट पुठ्ठ्यांपासून दूर राहिलेले बरे. त्यांवर अडकलेला प्राणी तासन्‌तास तडफडतो आणि पाल, चिमणी, मांजराचे पिल्लूही त्यात सापडते. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने या पुठ्ठ्यांविरुद्ध राज्यांना परिपत्रके पाठवलेली आहेत.

विषाचा विचार

घरात विष ठेवणे हा शेवटचा उपाय. लहान मुले किंवा पाळीव जनावरे असलेल्या घरात तर तो टाळावाच. बाजारात मिळणाऱ्या विषांमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दुकानदाराकडे ‘उंदराचे औषध द्या’ म्हणून जे हाती येईल ते आणणे घातक आहे. ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांमुळे रक्त गोठण्याची क्रिया थांबते आणि उंदीर काही दिवसांनी मरतो. मरण आणि खाणे यांचा संबंध इतर उंदरांना लागत नाही, हा त्याचा फायदा. चुकून माणसाच्या पोटात गेल्यास ‘के’ जीवनसत्त्व हा त्यावर उतारा आहे. काळ्या भुकटीच्या रूपात मिळणारे झिंक फॉस्फाइड मात्र पोटातील आम्लाशी संयोग होताच फॉस्फिन हा विषारी वायू सोडते. त्यावर उतारा नाही. शिवाय थोडेसे खाऊन वाचलेला उंदीर पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही.

सर्वांत भयंकर ती नळीत मिळणारी, पिवळ्या फॉस्फरसची लुगदी. दिसायला टूथपेस्टसारखी असल्याने ती दातांना लावली गेल्याचे प्रकार घडले आहेत. ही लुगदी पोटात गेलेला माणूस पहिल्या दिवसाच्या उलट्यांनंतर दोन-तीन दिवस बरा वाटतो. घरचे निर्धास्त होतात. नंतर यकृत निकामी होऊ लागते आणि तोवर बराच उशीर झालेला असतो. त्यामुळे ‘आता बरे वाटतेय’ या शब्दांवर विसंबू नये. कोणतेही विष पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि विषाचे वेष्टन सोबत न्यावे. उलटी करवू नये. दूध, तूप, तेल पाजू नये. फॉस्फरस स्निग्ध पदार्थांत विरघळतो आणि शरीरात अधिक शोषला जातो.

धान्याला कीड लागू नये म्हणून वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या उंदरांच्या बिळात टाकण्याची पद्धत गावोगावी दिसते. या गोळ्या हवेतील ओलाव्यानेही फॉस्फिन सोडतात. वायू भिंतीच्या फटींतून शेजारच्या खोलीत, शेजारच्या घरात पोहोचतो आणि झोपेतच माणसे दगावतात. या गोळ्यांचा वापर प्रशिक्षित व्यावसायिकांपुरता मर्यादित ठेवण्यात आला आहे तो यासाठीच. राहत्या घरात, कोठीत किंवा कापसाच्या गंजीत त्या कदापि ठेवू नयेत.

मानवी कानांना ऐकू न येणारा आवाज काढून उंदीर पळवणाऱ्या यंत्रांच्या जाहिराती मोठ्या आकर्षक असतात. उंदीर थोड्याच दिवसांत त्या आवाजाला सरावतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्येच अशा यंत्रांच्या साठहून अधिक उत्पादक-विक्रेत्यांना पुराव्याविना दावे न करण्याची तंबी दिली होती. कापूर, पुदिन्याचे तेल, डांबराच्या गोळ्या यांचीही तीच गत. मांजर थोडीफार दहशत ठेवते. भरल्या घरातील वाढलेली वीण तिच्याने आटोपत नाही. शेताच्या कडेला राहणाऱ्यांचे खरे मित्र म्हणजे गव्हाणी घुबड आणि बिनविषारी धामण. अपशकुनी म्हणून एकाला हाकलायचे, साप म्हणून दुसरीला ठेचायचे आणि मग विषाच्या वड्या विकत आणायच्या, असा हा व्यवहार आहे.

उंदीर गेल्यावर उरते ती साफसफाई. वाळलेल्या लेंड्या कोरड्या झाडूने झाडल्यास धूळ श्वासातून आत जाते. खिडक्या उघडून अर्धा तास थांबावे. हातमोजे घालून व नाकावर रुमाल बांधून त्या जागेवर ब्लीचिंग पावडरचे पाणी शिंपडावे. दहा-पंधरा मिनिटांनी ओल्या कागदाने लेंड्या टिपून घ्याव्यात आणि पिशवीत बांधून टाकाव्यात. बिळांच्या तोंडाशी व भिंतीच्या कडेने थोडे गव्हाचे पीठ भुरभुरवून ठेवावे. सलग आठ-दहा सकाळी त्यावर पावले उमटली नाहीत, तर चाप उचलायला हरकत नाही. पावले दिसलीच, तर ती कोणत्या फटीकडे जातात हे पाहून तेथून कामाला सुरुवात करावी.