कापसाचा धागा आणि विषमतेची उतरंड

महात्मा जोतीराव फुले यांचा 'गुलामगिरी' हा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला. धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादाच्या रूपाने लिहिलेला हा ग्रंथ फुल्यांनी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सदाचारी जनांना अर्पण केला. कृष्णवर्णीय गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी त्या लोकांनी दाखविलेल्या त्यागाबद्दल आदर व्यक्त करावा आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रातिशूद्रांच्या बाबतीत तोच कित्ता गिरवावा, असा या अर्पणामागचा हेतू होता. मराठी समीक्षेत या अर्पणपत्रिकेचा उल्लेख वारंवार होतो आणि तिच्याकडे फुल्यांच्या विश्वव्यापी दृष्टीचा पुरावा म्हणून पाहिले जाते. ते योग्यच आहे. परंतु पुण्याच्या एका विचारवंताला अमेरिकेतील गुलामांच्या दुःखात आपल्या लोकांचे दुःख दिसले, त्या काळात हे दोन्ही समाज एकाच बाजारपेठेने जखडले जात होते, हेही ध्यानात घ्यावयास हवे. त्या बाजारपेठेतील मुख्य माल होता कापूस. फुल्यांनी हा धागा उलगडून दाखविलेला नाही. पण त्याचा माग घेतला असता वंश, जात आणि वर्ग या तीन विषमतांचे परस्परसंबंध निव्वळ तात्त्विक तुलनेपेक्षा अधिक स्पष्ट होतात.

१८६० च्या खानेसुमारीनुसार संयुक्त संस्थानांत सुमारे ३९ लाख ५० हजार गुलाम होते. दक्षिणेकडील राज्यांतील कापसाची शेती प्रामुख्याने त्यांच्याच श्रमावर उभी होती आणि इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा बहुतांश कापूस तेथूनच येत असे. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. वऱ्हाड, खानदेश आणि गुजरात येथील कापसाला कधी न मिळालेला भाव आला. मुंबईत नव्या बँका आणि समुद्र हटवून जमीन तयार करणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांच्या समभागांचा सट्टा शिगेला पोहोचला. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि हा सारा डोलारा कोसळला. खेड्यांत त्याचे पडसाद सावकाशीने, पण खोलवर उमटले. तेजीच्या काळात शेतकऱ्याची पत वाढली होती, तशी कर्जेही वाढली होती. पुढे भाव उतरले तरी सरकारच्या फेरआकारणीत शेतसारा मात्र चढत गेला. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे हिसकावून जाळले आणि हे लोण पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांत पसरले. दक्षिणेतील या दंग्यांना अमेरिकेतील युद्ध हे एकमेव कारण नव्हते. पण कारणांच्या साखळीतील ती एक कडी निश्चितच होती.

याच सुमारास अमेरिकेच्या दक्षिणेत मुक्त झालेल्या गुलामांचे काय होत होते? राज्यघटनेतील तीन दुरुस्त्यांनी अनुक्रमे १८६५, १८६८ आणि १८७० साली गुलामगिरी नष्ट केली, नागरिकत्व बहाल केले आणि कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार दिला. मात्र जमीन दिली नाही. १८६५ च्या आरंभी किनाऱ्यालगतचा काही प्रदेश मुक्त कुटुंबांसाठी राखून ठेवण्याचा लष्करी आदेश निघाला होता. त्याच वर्षी तो फिरवण्यात आला आणि जमिनी पूर्वीच्या मळेवाल्यांकडे परत गेल्या. मग मुक्त माणूस त्याच मालकाची जमीन वाट्याने कसू लागला. बी-बियाणे, अवजारे आणि धान्य उसने घ्यावयाचे, उभे पीक तारण ठेवावयाचे आणि हंगामाच्या शेवटी मालकाच्या वहीत आपल्या नावावर बाकीच निघालेली पाहावयाची, असा हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालला. काम सोडून जाणाऱ्यास भटका ठरवून शिक्षा देणारे कायदे झाले आणि शिक्षा झालेले कैदी मजुरीसाठी भाड्याने दिले जाऊ लागले.

दख्खनचा कुणबी आणि अमेरिकेतील वाटेकरी हे दोघेही, त्यांना वाचता न येणाऱ्या एका वहीसमोर उभे होते. युद्धापूर्वी दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामांना लिहावयास-वाचावयास शिकविणे हा गुन्हा होता. पुण्यात १८४८ मध्ये मुलींची आणि पुढे अतिशूद्रांची शाळा काढणाऱ्या जोतीराव-सावित्रीबाईंना जो विरोध झाला, त्यामागे कायदा नव्हता, परंपरा होती. पण अक्षराची भीती दोन्हीकडे सारखीच होती. १८८३ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये फुल्यांनी अविद्या आणि दारिद्र्य यांची जी सांगड घातली, तिला म्हणूनच केवळ स्थानिक महत्त्व नाही.

साम्य येथे संपते आणि अधिक बिकट प्रश्न सुरू होतो. कुणब्याच्या बंडाची सरकारला दखल घ्यावी लागली आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना सावकारी कर्जातून दिलासा देणारा कायदा झाला. परंतु त्याच गावात कुणब्याच्याही खाली महार आणि मांग होते. महार वतनाच्या तुटपुंज्या जमिनीच्या आणि बलुत्याच्या मोबदल्यात संपूर्ण महारवाडा गावाच्या आणि सरकारच्या कामाला अष्टौप्रहर बांधलेला असे. इंग्रजी राज्याने ही व्यवस्था मोडली नाही. १८७४ च्या वतन कायद्याने तिला उलट कायदेशीर चौकट दिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात तिच्याविरुद्ध विधेयक मांडले. ही वतने प्रत्यक्षात रद्द होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला. सावकाराच्या वहीने गांजलेला कुणबी महारावरचा आपला अधिकार मात्र सहजासहजी सोडावयास तयार नव्हता. शोषित हा एकजिनसी समूह नसतो. त्याच्यातही पायऱ्या असतात, हे या चित्रातून दिसते.

गिरणीच्या भोंग्याने या पायऱ्या मोडतील, अशी अपेक्षा अनेकांनी बाळगली होती. मुंबईतील पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली. कोकणातून आणि घाटावरून माणसे आली, एका चाळीत राहू लागली. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. परंतु गिरणीच्या आत जात शिल्लक होती, आणि तिने बसण्यासाठी नेमकी जागा निवडली होती. विणकाम खात्यात मजुरी अधिक मिळे. तेथे धोट्यातील कांडी संपली, की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढावा लागे. अस्पृश्याच्या ओठांचा स्पर्श झालेला धोटा आपल्या तोंडाला लागेल, या कारणाने सवर्ण विणकर त्यांना त्या खात्यात येऊ देत नसत. अस्पृश्य कामगार कमी वेतनाच्या सूतकताई खात्यात अडकून पडत. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी आंबेडकरांनी या बंदीचा प्रश्न लावून धरला, तेव्हा कामगारांच्या पुढाऱ्यांनी नाखुशीनेच त्याला मागण्यांत स्थान दिले. आणि गिरणीमालकांना असे म्हणता आले, की हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. मालकाविरुद्ध एकत्र झालेल्या कामगारांकडेच मालकाने बोट दाखवावे आणि ते बोट खोटे नसावे, हा प्रसंग भारतीय कामगार चळवळीच्या इतिहासात विसरता येण्यासारखा नाही.

कापसाचाच धागा धरून पुन्हा अमेरिकेत गेल्यास असेच दृश्य दिसते. साउथ कॅरोलायना राज्याने १९१५ मध्ये कायदा करून कापड गिरण्यांत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कामगारांनी एका दालनात काम करण्यास, तसेच एकच प्रवेशद्वार, जिना किंवा पगाराची खिडकी वापरण्यास मनाई केली. अपवाद होता तो झाडलोटीसारख्या हलक्या कामांचा. ज्यांनी शेतात कापूस पिकविला, त्यांना त्याचे सूत आणि कापड करण्याचा अधिकार नव्हता. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा होईपर्यंत दक्षिणेतील गिरण्यांची दारे कृष्णवर्णीयांना खऱ्या अर्थाने उघडली नाहीत. एकीकडे राज्याचा लेखी कायदा होता आणि दुसरीकडे कोठेही न लिहिलेली रूढी; पण काम एकच होत होते. अल्प वेतनावर राबणाऱ्या एका कामगाराला त्याच्याहून खालचा असा दुसरा कामगार पुरविला जात होता.

या व्यवस्थेचे मर्म दोन विचारवंतांनी जवळजवळ एकाच वेळी सांगितले. विल्यम एडवर्ड बर्गहार्ट डु बॉइस यांनी १९३५ मध्ये यादवी युद्धोत्तर काळाचा आपला बृहद् इतिहास प्रसिद्ध केला. दक्षिणेतील गरीब गोऱ्या मजुराला पैशांचे वेतन कमी मिळाले, तरी गोरेपणामुळे मिळणारा सार्वजनिक मान आणि मानसिक समाधान यांच्या रूपाने त्याला जणू दुसरे वेतन मिळत होते, असे त्यांनी दाखविले. त्याच ग्रंथात त्यांनी गुलामांच्या मुक्तीचे श्रेय केवळ उत्तरेच्या औदार्याला देण्याचे नाकारले. मळे सोडून गेलेले गुलाम आणि उत्तरेच्या सैन्यात लढलेले सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक यांना त्यांनी या इतिहासाचे कर्ते मानले. फुल्यांच्या अर्पणपत्रिकेला मिळालेली ही एक अप्रत्यक्ष, पण महत्त्वाची पुरवणी होय. पुढच्याच वर्षी, लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेले आणि प्रत्यक्षात होऊ न शकलेले भाषण आंबेडकरांनी स्वतः छापले. जात ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेल्या पायऱ्यांची, असा सिद्धान्त त्यांनी त्यात मांडला. प्रत्येक जातीला तिच्याहून खालची जात दिसत असल्याने सर्वांचा मिळून उठाव होत नाही. मराठीत याला उतरंड हा नेमका शब्द आहे. उतरंडीतील प्रत्येक मडके वरच्याचा भार सोसते आणि खालच्यावर भार टाकते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात शिकलेल्या आंबेडकरांना कृष्णवर्णीयांचा प्रश्न परिचित होता. संयुक्त राष्ट्रसंघाकडे कृष्णवर्णीयांच्या वतीने जाणाऱ्या निवेदनाविषयी त्यांनी १९४६ मध्ये डु बॉइस यांना पत्र लिहिले आणि डु बॉइस यांनी सहानुभूतीने उत्तर पाठविले.

अमेरिकनांनीही आपल्या समाजाकडे पाहताना जातीचा शब्द उसना घेतला होता. सिनेटर चार्ल्स सम्नर यांनी १८६९ मध्ये बॉस्टन येथे जातीच्या प्रश्नावर व्याख्यान देऊन वर्णभेदाला जातिभेदाच्या शेजारी बसविले. १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेतील वेगळे डबे वैध ठरविले, तेव्हा न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोधी निकालपत्रात या देशात जात नाही, असे बजावले. त्यांचे मत एकाकी ठरले.

तरीही साम्याच्या ओघात भेद पुसून टाकणे योग्य नाही. वर्ण त्वचेवर दिसतो. जात नावावरून, गावावरून, धंद्यावरून शोधली जाते. म्हणूनच बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहाच्या शीर्षककथेत परगावी नोकरीस गेलेल्या कामगाराचे सारे अस्तित्व एका उच्चाराच्या भीतीने व्यापलेले असते. अमेरिकन साहित्यात गोरी म्हणून वावरणाऱ्या मिश्रवंशीय व्यक्तीची कथा, उदाहरणार्थ नेला लार्सन यांची १९२९ मधील 'पासिंग' ही कादंबरी, या अनुभवाच्या जवळ येते. पण तेथे ती अपवादाची कथा आहे, येथे ती शहरात येणाऱ्या असंख्य माणसांची होऊ शकते. दुसरा भेद असा, की गुलामगिरीला राज्याचा कायदा लागत होता, म्हणून ती कायद्याने मोडता आली. जातीला धर्माची मान्यता आणि विवाहाचे बंधन यांचा आधार आहे. स्वजातिविवाह हेच जातीचे सार असल्याचे आंबेडकरांनी १९१६ मध्येच मांडले होते. अर्थात अस्पृश्यता अधिक क्रूर की गुलामगिरी, असा तराजू लावण्यात अर्थ नाही. आईपासून तोडून बाजारात विकलेले मूल आणि तळ्यावर पाणी नाकारलेले मूल यांच्या दुःखांचे माप एका काट्यावर होत नाही.

१९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने ओकलँड येथील १९६६ च्या ब्लॅक पँथर पक्षापासून नाव घेतले. म. ना. वानखडे आणि जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे मराठी लेखकांचे लक्ष वेधले होते. परंतु पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यातील महत्त्वाची गोष्ट नावाच्या उसनवारीत नाही. त्याने दलित या संज्ञेत भूमिहीन मजूर, गरीब शेतकरी आणि स्त्रिया यांनाही सामावून घेतले. म्हणजे उतरंडीतील मडक्यांना एकमेकांची ओळख करून देण्याचा प्रयत्न केला. ही संघटना फार काळ एकसंध राहिली नाही आणि तिच्या फुटीच्या मुळाशी जात प्रथम की वर्ग, हाच वाद होता.

हा वाद केवळ इतिहासजमा नाही. २००१ मध्ये डरबन येथील वंशवादविरोधी जागतिक परिषदेत दलित संघटनांनी जातीचा प्रश्न नेला, तेव्हा जात म्हणजे वंश नव्हे, या मुद्द्यावर भारत सरकारने विरोध केला. मानववंशशास्त्राच्या दृष्टीने ते विधान खोटे नाही. जातीचे मूळ वंशात आहे, ही उपपत्ती आंबेडकरांनीही नाकारली होती. परंतु तुलनेचा आधार उगमाचा कधीच नव्हता, तो व्यवहाराचा होता. २०२३ मध्ये अमेरिकेतील सिएटल शहराने भेदभावविरोधी नियमांत जातीचा समावेश केला. फुल्यांनी ज्या देशाकडे बोट दाखवून आपल्या समाजाला प्रश्न विचारला होता, त्याच देशात भारतीय स्थलांतरितांनी सोबत नेलेली उतरंड आता कायद्याचा विषय झाली आहे. फुल्यांच्या अर्पणपत्रिकेतील आवाहन वरच्या पायरीवरील माणसांना होते. डु बॉइस आणि आंबेडकरांनंतर ते मधल्या पायऱ्यांवरील माणसांनाही लागू होते. कारण साच्यावर उभा असलेला विणकर जोवर आपल्या धोट्याचे पावित्र्य जपतो, तोवर त्याचा संप अपुराच राहतो.